रात्री रस्त्यावर उभी राहणारी जुनी गाडी चोरीपासून कशी राखावी?

प्रश्न थोडक्यात असा: २००४ ची पेट्रोलवरची वॅगन-आर आहे, पुण्याच्या कडेच्या वस्तीत इमारतीला पार्किंग नाही, गाडी रात्रभर गल्लीत उभी असते. आजूबाजूच्या गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या, एकीची चाकं गेली, एक गाडी पूर्ण गेली. गाडीची किंमत लाखाच्या आत आहे. मग तिच्या राखणीवर किती खर्च करावा आणि कशावर?

आधी खर्चाचा क्रम बघू, कारण चूक तिथेच होते. बहुतेक लोक पहिल्यांदा जीपीएस ट्रॅकर घेतात, मग सायरनवाली सेंट्रल लॉकिंग बसवतात, आणि वीस वर्षं झिजलेलं इग्निशनचं कुलूप तसंच राहतं. माझ्या मते क्रम असा हवा: आधी कुलपांचा संच आणि गिअर लॉक, मग इंजिन चालू न होऊ देणारं लपवलेलं सर्किट, मग बॅटरी आणि चाकं, आणि पैसे उरले तर ट्रॅकर. पहिल्या तीन गोष्टी गाडी जाऊ देत नाहीत. ट्रॅकर ती गेल्यावर कुठे गेली ते सांगतो.

जुन्या गाडीवर डोळा ठेवणाऱ्यांचे प्रकार वेगळे असतात. एक जण बॅटरी, स्टेपनी, चाकं, स्टिरिओ असं हाताला लागेल ते काढून भंगारात विकतो, त्याला काही मिनिटं पुरतात. दुसरा गाडीच नेतो, सुटे भाग करायला किंवा दुसऱ्या गुन्ह्यात रात्रीपुरती वापरायला. तो नव्या गाड्यांच्या वाटेला जात नाही, कारण त्यांच्या चावीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही. मारुतीने ही सोय पुढे ‘आयकॅट्स’ नावाने दिली. तुमच्या काळातल्या गाडीत ती बहुधा नाही. खात्री करायची तर इग्निशन चालू केल्यावर मीटरच्या पॅनलवर चावीचं चिन्ह असलेला दिवा काही क्षण लागतो का ते बघा. नसेल तर कुलूप फिरवलं की गाडी चालू, मग फिरवणारा कोणीही असो. तिसरे म्हणजे रात्री टोळक्याने येऊन रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फोडणारे. त्यांच्यापुढे कुठलंही कुलूप उपयोगाचं नाही, तिथे विमाच लागतो. त्याबद्दल शेवटी.

कुलूप, गिअर आणि गाडी कुठे तोंड करून लावायची

इग्निशनची परीक्षा सोपी आहे. चावी अर्धी बाहेर ओढून फिरवून बघा. इंजिन चालू असताना चावी बाहेर निघते का बघा. घरातल्या दुसऱ्या जुन्या चावीने कुलूप हलतं का तेही बघा. यातलं एक जरी झालं तरी आतल्या पट्ट्या झिजल्या आहेत. मग फक्त नवी चावी पाडून भागत नाही. झिजलेल्या चावीवरून पाडलेली चावीही झिजलेलीच येते. इग्निशन, दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण असा पूर्ण संच बदला. गाडी सेकंड हँड घेतली असेल तर कुलूप ठणठणीत असलं तरी संच बदला, कारण आधीच्या मालकांकडे, गॅरेजमध्ये, धुणाऱ्या पोऱ्याकडे कुठे किती डुप्लिकेट आहेत हे कोणालाच माहीत नसतं. नवं कुलूप स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवताना जे बोल्ट येतात त्यांचं डोकं कसताना तुटायला हवं. मेकॅनिकने साधे बोल्ट लावले तर चोरालाही ते साध्या पान्याने काढता येतात. बसवून झाल्यावर वाकून स्वतः बघा.

गिअर लॉक घेताना चावी बघा. दोन्ही बाजूंना खोलगट ठिपके असलेली सपाट चावी घ्या, करवतीच्या दात्यांची नको. लॉकचा ब्रॅकेट नुसत्या कार्पेटखालच्या पत्र्यावर कसला तर मोठ्या पहारीने पत्र्यासकट उचकटतो. गिअर लिव्हरच्या बैठकीचे मूळचे बोल्ट जिथे आहेत तिथेच तो बसला पाहिजे, आणि इथेही डोकं तुटणारे बोल्ट हवेत. नवीन भोक पाडलं असेल तर कडांना झिंक प्रायमर आणि खालून अंडरबॉडी कोटिंग लावून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथूनच गंज धरतो. लॉक रिव्हर्समध्येच लागायला हवं. कुलपात तेल सोडू नका. तेलावर धूळ बसून चिकट राप तयार होतो आणि ऐन पावसाळ्यात चावी अडकते. वर्षातून दोनदा ग्रॅफाइटची पूड पुरते.

गिअर लॉकही अजिंक्य नाही. क्लच दाबून गाडी ढकलता येते, आणि खाली झोपून गिअरची दांडी सोडवणारेही असतात. म्हणून हँडब्रेक पक्का लागत असला पाहिजे. चढावर गिअरमध्ये न ठेवता नुसत्या हँडब्रेकवर गाडी थांबते का ते बघा. थांबत नसेल तर मागचे ब्रेक लायनर आणि केबल आधी करून घ्या.

गाडी उचलून नेण्याचा धोका लोक विसरतात. टोइंगची गाडी रात्री आली तर गल्लीत कोणी हटकत नाही, सगळ्यांना वाटतं हप्ते थकले असतील. वॅगन-आर, सँट्रो, झेन, इंडिका या गाड्यांची पुढची चाकं इंजिनने फिरतात, म्हणजे गिअर लॉक पुढची चाकं अडवतं आणि हँडब्रेक मागची. पुढून उचलली की गिअर लॉकचा प्रश्नच संपतो. मग फक्त हँडब्रेकची केबल सोडवायची. म्हणून अशी गाडी भिंतीकडे तोंड करून लावा. मागून उचलायला गेले तर पुढची चाकं गिअरमध्ये आणि वळवलेल्या स्टिअरिंगमध्ये अडकलेली राहतात. ओम्नी किंवा सुमोचं उलट. तिथे गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांवर काम करतात, त्यामुळे मागून उचलली तर पुढची चाकं मोकळी फिरतात. म्हणून अशा गाडीची पाठ भिंतीला. स्टिअरिंग कुठल्याही गाडीत पूर्ण एका बाजूला वळवून, कुलूप ‘टक्’ करून बसेपर्यंत हलवून मगच उतरा. जुन्या गाडीत चावी काढली म्हणजे स्टिअरिंग लॉक लागलंच असं नसतं.

स्टिअरिंगवर लावायचा दांडा काचेबाहेरून दिसतो हा त्याचा खरा फायदा आहे. चोर हातात करवत घेऊन आला तर तो दांडा कापत नाही, स्टिअरिंगची मऊ कडी कापतो. म्हणून दांड्यापेक्षा स्टिअरिंग ते ब्रेक पेडल असा हूक मला बरा वाटतो. लावताना तो ताणलेला हवा, ढिला हूक पेडल दाबून सुटतो.

इंजिन चालू न होऊ देणारं सर्किट

माझ्या दृष्टीने जुन्या गाडीची खरी राखण इथे होते. साधा किल स्विच म्हणजे वायर तोडून मध्ये बटण. तो चालतो, पण दोन दोषांसह. एक, रात्री थकून आल्यावर तो बंद करायचा राहतो, आणि नेमकी तीच रात्र महागात पडते. दोन, बाजारातला हलका स्विच खड्ड्यात संपर्क सोडतो आणि गाडी उड्डाणपुलावर बंद पडते. इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या हवेच्या पोकळीवर दोन-तीन वेळाच हलका ब्रेक लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. म्हणून नियम पक्का: चालत्या गाडीचं इंजिन बंद करू शकेल असं काहीही बसवायचं नाही. सायरनच्या किटमध्ये किंवा ट्रॅकरमध्ये ‘इंजिन कट’ म्हणून जी वायर येते ती मी जोडू देत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतःला धरून ठेवणारा रिले, म्हणजे आतल्या कॉइलला वीज मिळाली की संपर्क जोडणारा स्विच. इग्निशन चालू करायचं, लपवलेलं बटण एकदा दाबून सोडायचं, रिले धरतो आणि इग्निशन बंद होईपर्यंत धरून राहतो. चावी फिरवून बंद केली की आपोआप सुटतो. विसरण्याचा प्रश्न उरत नाही, आणि गाडी चालत असताना बटणाचा काहीही संबंध नसतो.

सामान असं. १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पायांचा साधा मोटारीचा रिले, चांगल्या कंपनीचा, त्याच्या सॉकेटसकट. १एन४००७ क्रमांकाचे दोन डायोड (हे वीज एकाच दिशेने जाऊ देतात). दाबलं तेवढ्यापुरताच जोडणारा पुश स्विच किंवा रीड स्विच. रिलेच्या वायरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची आणि बटणासाठी ०.५ ची मोटारीची तांब्याची वायर. उष्णतेने आकसणारी स्लीव्ह आणि मूळ हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, असते तशी कापडी टेप. सगळं मिळून चांगल्या गिअर लॉकपेक्षा कमी पैशात होतं.

तोडायची कुठली वायर? तुमच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीत आहे आणि विजेवर चालतो. इग्निशन चालू केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण येते, तो हाच. त्याचा एक मूळ रिले असतो. पंपाची जाड वायर तोडू नका. त्या रिलेच्या कॉइलला इग्निशनकडून जी वायर येते ती सॉकेटजवळ तोडा. तिच्यातून अँपिअरच्या पाचव्या भागाच्या आसपासच प्रवाह जातो, त्यामुळे तिथे काही तापत नाही. मल्टिमीटर लावून दोन गोष्टी तपासल्याशिवाय कात्री लावायची नाही: इग्निशन चालू असताना तिथे १२ व्होल्ट येतात, आणि सेल मारत असतानाही ते टिकतात. काही वायरी सेल मारताना मुद्दाम बंद होतात, उदाहरणार्थ पंख्याची किंवा स्टिरिओची. अशा वायरीवर सर्किट घेतलं की रिले सेल मारताना सुटतो आणि गाडी चालू होऊन लगेच बंद पडते. मग सगळे पंपाला दोष देत बसतात.

जोडणी: इग्निशनकडून आलेलं तोंड आपल्या रिलेच्या ३० क्रमांकाच्या पायाला (क्रमांक रिलेवरच छापलेले असतात). मूळ पंप रिलेकडे जाणारं तोंड ८७ ला. ८५ बॉडीच्या अर्थिंगला, पत्र्यावरचा रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून, वरून थोडं ग्रीस. बटण ३० आणि ८६ यांच्या मध्ये. आता धरून ठेवणारा भाग: ८७ वरून ८६ कडे एक डायोड, त्याची पांढरी रेघ ८६ च्या बाजूला. इथे डायोडऐवजी नुसती वायर घातली तर बटण दाबल्यावर सगळा भार बटणातून जातो, आणि उलटा बसला तर बटण सोडताच रिले सुटतो. दुसरा डायोड ८५ आणि ८६ यांच्यामध्ये, रेघ इथेही ८६ कडे. रिले सुटताना कॉइलमधून जो झटका उठतो तो हा जिरवतो, नाहीतर तो झटका इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊ शकतो. हा दुसरा डायोड चुकून उलटा लागला तर बटण दाबताच फ्यूज उडतो. म्हणून पहिली चाचणी करताना त्या लाइनचा एक जादा फ्यूज जवळ ठेवा.

बटणाच्या जागी मला रीड स्विच आवडतो, दारांच्या अलार्ममध्ये असतो तो. काचेच्या छोट्या नळीतले हे संपर्क चुंबक जवळ आलं की जोडले जातात. प्लास्टिकच्या पॅनलच्या आतून तो चिकटवला की बाहेर काहीच दिसत नाही. छोटं चुंबक त्या जागी टेकवायचं, रिलेची टिचकी ऐकायची, सेल मारायचा. चुंबक चावीच्या जुडग्यात अडकवू नका. चावी चोरीला गेली की सगळंच गेलं. जागा अशी निवडा की सीट बेल्ट लावलेला असताना हात सहज पोचेल, पण रेडिओजवळ किंवा स्टिअरिंगखाली नको, शोधणारा हात तिथेच आधी जातो. रिले बॉनेटखाली बसवू नका, तिथे पाणी आणि उष्णता. डॅशबोर्डच्या आत, फ्यूज बॉक्सपासून दूर, मूळ हार्नेसला बांधून टाका आणि वायर मूळ रंगाचीच वापरा. चमकती लाल वायर आणि नवीन काळी टेप म्हणजे चोराला दिलेला पत्ता.

सांधे पिळून टेप मारलेले चालणार नाहीत. बंद गाडी उन्हात तापली की टेपचा डिंक सुटतो. नीट क्रिंप किंवा सोल्डर करा, वर स्लीव्ह. झाल्यावर हार्नेस हाताने जोरात हलवत इंजिन चालू ठेवून बघा. मग खराब रस्त्यावर अर्धा तास फिरवा.

बटण न दाबता सेल मारला तर गाडी काही क्षण चालू होऊन बंद पडू शकते, कारण पाइपमध्ये दाबाखालचं पेट्रोल उरलेलं असतं. म्हणजे चोर दहा-वीस मीटर नेऊन ती रस्त्यात सोडून पळेल, हेही शक्य आहे. ते नको असेल तर हाच रिले इग्निशन कॉइलच्या, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलच्या, पुरवठ्यावर घ्या. तिथे प्रवाह जास्त, म्हणून वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच. क्रँक सेन्सर किंवा दुसऱ्या कुठल्याही सेन्सरची वायर मात्र कधीच तोडू नका. त्यातला संकेत फार नाजूक असतो. महिन्याभरात गाडी झटके खायला लागते आणि कारण कोणाला सापडत नाही.

गाडीत सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर नुसता पेट्रोल पंप तोडून काहीही साधत नाही, ती गॅसवर चालू होऊन निघून जाते. तेव्हा गॅसच्या सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या झडपेचा) पुरवठाही याच रिलेखाली आणावा लागतो. हे काम मान्यताप्राप्त गॅस किट बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये पंप इंजिनवरचा यांत्रिक असतो, तिथे इग्निशन कॉइल हाच एक पर्याय. जुन्या डिझेलच्या इंडिका-सुमोसारख्या गाड्यांत डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर घेता येते, पण ती इंजिनवर उघडी असते. बॅटरीवरून सरळ वायर आणली की सर्किट फुकट. तिथे बॉनेट घट्ट बंद राहणं जास्त महत्त्वाचं.

नुसती स्टार्टरची वायर तोडणारे पुष्कळ भेटतात. गल्लीत दोन माणसं धक्का देऊन गाडी चालू करतात, तेव्हा ते पुरेसं नाही.

गॅरेजला गाडी देताना गुपित सांगायला लागू नये म्हणून ३० आणि ८७ यांच्यामध्ये एक रिकामा फ्यूज होल्डर लपवून ठेवा. सर्व्हिसिंगच्या दिवशी त्यात ५ अँपिअरचा फ्यूज घाला, घरी आल्यावर काढा. रिले इग्निशन कॉइलवर घेतला असेल तर फ्यूज त्या लाइनच्या मूळ फ्यूजएवढा लागेल.

बॅटरी, चाकं आणि बाकीचं

बॅटरी हीच सगळ्यात जास्त जाणारी वस्तू, कारण शिशाला भंगारात कायम भाव असतो. चोराला आधी बॉनेट उघडायला लागतं. बॉनेटच्या केबलचं आवरण तुटलेलं असेल तर पुढच्या जाळीतून आकडा घालून ते उघडतं, म्हणून केबल आणि खटका बदला. त्यावर एक जादा बॉनेट लॉक घ्या. त्याची सुटका केबिनमधून आणि किल्लीने होणारी हवी. बॅटरीच्या पट्टीचे १० चे नट काढून नायलॉनवाले लॉक नट लावा, आणि वर एका बाजूला डोकं तुटणारा नट. लोखंडी साखळी घालणाऱ्यांना एक सूचना: धन टर्मिनलवर जाड रबरी टोपी बसवल्याशिवाय साखळी जवळ नेऊ नका. ती टर्मिनलला आणि बॉडीला एकदम टेकली तर आग लागते. बॅटरीच्या प्लास्टिकवर तापलेल्या सळईने गाडीचा नंबर कोरताना आधी बॅटरी बाहेर काढा, मोकळ्या हवेत ठेवा, नुकती चार्ज झालेली नसावी, आणि वरच्या कडेवरच, उथळ कोरा. मला मात्र विजेच्या एनग्रेव्हरने किंवा खिळ्याने कोरलेला नंबर जास्त सुरक्षित वाटतो, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

ऋण टर्मिनलवर फिरकीचं कट-ऑफ नॉब बसवून ते रात्री घरी नेणं स्वस्त आहे आणि बऱ्यापैकी चालतं. पण मग सायरन आणि ट्रॅकरही मरतात. दोन्ही एकत्र नकोत.

चाकांसाठी प्रत्येकी एक लॉक नट (खास किल्लीनेच निघणारा), चार चाकांना चार. मारुतीचा आटा एम १२, खाच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिलिमीटरची, ह्युंदाई आणि टोयोटाचा एम १२ च पण १.५ ची. चुकीचा नट सुरुवातीचे दोन आटे जातो आणि मग जोर लावला की स्टडच खातो. हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. लॉक नटची किल्ली स्टेपनीजवळ ठेवायची सवय असते. ती तिथून काढा, पण प्रवासाला निघताना बरोबर घ्या, नाहीतर पंक्चर झाल्यावर रस्त्यात अडकाल. सुमो, क्वालिस, बोलेरोसारख्या गाड्यांची खाली टांगलेली स्टेपनी साखळी आणि कुलूप लावूनच ठेवा.

ईको असणाऱ्यांनी सायलेन्सरची काळजी घ्यावी. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या भुकटीत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, म्हणून महाराष्ट्र आणि गुजरातेत ईकोचे सायलेन्सर काढून नेण्याचे गुन्हे बरेच झाले. खालून बोल्टला वेल्डिंगचा टाका आणि जाळीचं कवच हा उपाय. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा.

सगळ्या काचांच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर कोरून घ्या. सुटे भाग विकणाऱ्याला अशा काचा बिनकामाच्या होतात. केबिनमध्ये काहीही दिसू देऊ नका, रिकामी पिशवीसुद्धा. गाडीवर कव्हर घालू नका असं मी सांगेन. कव्हरखाली बसून चोराला निवांत काम करता येतं आणि चाकं गेलेलीही सकाळीच कळतं. गाडी आठवडाभर न हलवणं हे सगळ्यात मोठं आमंत्रण. दोन-तीन दिवसांनी तिची जागा तरी बदला.

सायरनबद्दल थोडक्यात. धक्क्याचा सेन्सर ट्रकच्या धडधडीने किंवा फटाक्यांनी वाजायला लागला की आठवड्याभरात शेजारी त्याकडे लक्ष देणं सोडतात, म्हणून संवेदना इतकी कमी ठेवा की काचेवर मुठीने मारलं तरच वाजेल. स्वस्त किटच्या रिमोटचा कोड कायम एकच असतो आणि त्याची नक्कल करता येते. दर वेळी कोड बदलणारं किट घ्या.

ट्रॅकर घेतला तर ४जी चा घ्या. तो सतत बॅटरी खातो: ४० मिलिअँपिअरचा असेल तर दिवसाला सुमारे १ अँपिअर-तास. तुमच्या ३५ अँपिअर-तासाच्या जुन्या बॅटरीतून १० गेले तरी सकाळी सेल जड होतो, म्हणजे दहा दिवस उभी राहिली की अडचण. त्याला १ किंवा २ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्या. पत्र्याखाली नव्हे तर प्लास्टिकखाली बसवा, अँटेना आकाशाकडे.

कागद आणि विमा

जुन्या गाडीला लोक फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. त्यात चोरीही नाही आणि काचफोडही नाही. तुमच्या वस्तीत पूर्ण विमा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा एजंटने टाकलेल्या आकड्यावर सही न करता बाजारभाव दाखवून घासाघीस करा. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक साधन बसवून त्याचं प्रमाणपत्र घेतलं तर जुन्या टॅरिफप्रमाणे गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट मिळते, कमाल ५०० रुपये. सूट छोटी आहे. आपण केलेलं वरचं सर्किट त्यात धरलं जात नाही.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तुमची गाडी २००४ ची, म्हणजे २०१९ ला एकदा आणि २०२४ ला पुन्हा. ती तारीख हुकली असेल तर विम्याचा भरवसा धरू नका. नोंदणी संपलेल्या गाडीच्या चोरीचा दावा नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात योग्य ठरवलं. मूळ आरसी गाडीत ठेवू नका, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली चालते. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. ती बसवली नसेल तर बसवा, तिचे खटके एकदा तुटले की पुन्हा लागत नाहीत. प्लेट चोरीला गेली तर लगेच तक्रार द्या, तुमचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरत असेल.

गाडी गेलीच तर आधी आसपास टोइंगची चौकशी, वाहतूक शाखेने उचलली असेल तर एका फोनवर कळतं. मग ११२. त्याच दिवशी ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा नोंदवून घ्या, नुसत्या अर्जाची पोच घेऊन परतू नका. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. गुन्हा वेळेत नोंदवला असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे, पण त्या निकालावर विसंबून उशीर कशाला? कंपनी दोन्ही चाव्या मागते. कुलपांचा संच बदलला असेल तर त्याचं बिल जपून ठेवा, कारण जुनी चावी आणि नवी चावी यांवरून तिथे हमखास वाद होतो. पुढे तपास लागला नाही तर पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल न्यायालयात मंजूर होतो, त्याची प्रत मिळाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. महिनोन्‌महिने लागतात, म्हणून तपासी अंमलदाराचं नाव आणि गुन्ह्याचा नंबर लिहून ठेवून दर पंधरवड्याला विचारत राहा.

या सगळ्यासाठी आजच मोबाइलवर फोटो काढा: चासी नंबर (बहुतेक मारुतींत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर कोरलेला असतो), इंजिन नंबर, बॅटरीचा अनुक्रमांक, चारही टायरचे नंबर, कोरलेल्या काचा आणि गाडीवरचे जुने ओरखडे. ते फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवरही पाठवून ठेवा.